रात्रीपुरता हक्क

ज्याची उभी हयात मामलेदार कचेरीत हक्कनोंदणीची दफ्तरे सांभाळण्यात गेली, अशा इसमाने रेल्वेचे वेळापत्रक हाती घेतले, तर तो ते स्थळकाळाचा तक्ता म्हणून न वाचता, कोणाचा हक्क कोठून कोठवर आणि किती मुदतीपर्यंत चालतो याची नोंदवही म्हणूनच वाचणार, यात नवल ते कसले! राजापुरास अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर, पु. ल. देशपांड्यांचे 'वंगचित्रे' वाचल्यापासून मनात घर करून राहिलेली शांतिनिकेतनदर्शनाची इच्छा पुरी करावी असे मी योजिले आणि तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले की, एवढे वय होऊनही आगगाडीत रात्र काढण्याचा योग आपणास कधी आलेला नाही. आमच्या पिढीच्या कोकणवासीयास रात्रीचा प्रवास अपरिचित होता असे मुळीच नव्हे. मुंबईस जाणे म्हणजे एस. टी.च्या रातराणीत बसणे, आणि रातराणीत बसणे म्हणजे घाटातील प्रत्येक वळणावर शेजाऱ्याच्या खांद्याची माफी मागत उजाडेपर्यंत डुलक्या घेणे, हा शिरस्ताच होता. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली तेव्हा आम्ही दिवसाची गाडी पसंत करू लागलो. परंतु पाठ टेकून, पांघरूण घेऊन, ज्यांचे नावगाव ठाऊक नाही अशा स्त्रीपुरुषांच्या सहवासात निर्धास्तपणे निजावे आणि निजल्या निजल्या दुसऱ्या मुलखात जागे व्हावे, हा अनुभव मात्र शिल्लक राहिला होता.

पहिला प्रश्न गाडीचा. मुंबईहून कलकत्त्यास नागपूरमार्गे जाणाऱ्या गाड्यांपैकी हावडा मेल रात्री सुटून दोन रात्री घेते. गीतांजली एक्सप्रेस सकाळी सहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघते आणि सुमारे दोन हजार किलोमीटरांचे अंतर तोडून दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्यास पोहोचते. नवशिक्याने पहिल्याच खेपेस एकाच रात्रीचे साहस करावे हे व्यवहारज्ञान एक कारण झाले. दुसरे कारण भावनेचे, किंबहुना राजापूरकराच्या अभिमानाचे होते. ही गाडी २६ डिसेंबर १९७७ रोजी प्रथम धावली ती आमच्याच मतदारसंघाने सलग पाच वेळा लोकसभेत पाठविलेल्या प्रा. मधु दंडवत्यांच्या रेल्वेमंत्रिपदाच्या कारकिर्दीत. पदार्थविज्ञानाचे हे प्राध्यापक समाजवादी विचारांचे असल्यामुळे त्यांनी तीत वर्गभेदच ठेवला नाही. तिसरा वर्ग १९७४ सालीच कागदोपत्री रद्द झाला होता. पण नावातला आकडा बदलला म्हणून बाकाचे लाकूड काही मऊ होत नाही. सामान्य प्रवासी दुसऱ्या वर्गाच्या नावाखाली पूर्वीच्याच फळ्यांवर पाठ घासत होता. त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी घालण्याचा निर्णय दंडवत्यांनी घेतला. वरच्या वर्गास खाली ओढण्याऐवजी खालच्या वर्गास वर आणावे, असे त्यांचे धोरण होते. आज गीतांजलीला वातानुकूलित वर्गांचे डबे आहेत, तथापि दंडवत्यांची गादी जेथे सर्वप्रथम आली त्याच गाडीत, आणि तीही साध्या शयनयानातच, पहिली रात्र काढावी असा मी हट्ट धरला. "काका, एसीचं तिकीट काढतो ना, या वयात कशाला त्रास," असे परळास राहणारा माझा पुतण्या वारंवार म्हणाला. परंतु हक्काच्या इतिहासात ज्याला रस, त्याने हक्क जेथून उगम पावला तेथूनच सुरुवात करावी, हे माझे म्हणणे अखेर त्याने मान्य केले.

आरक्षणाची मुदत सांप्रत साठ दिवसांची आहे. पूर्वी ती एकशेवीस होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती निम्म्यावर आली. साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता खिडकी उघडते, आणि ती खिडकी आता बहुतांशी दूरध्वनीच्या पडद्यावरच असल्यामुळे, पुतण्याने आम्हा उभयतांची वये, ओळखपत्रे व पसंती आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थसाठी प्राधान्य मात्र शिल्लक आहे, पुरुषास साठीनंतर आणि स्त्रीस पंचेचाळिशीनंतर. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या मनुष्यास निराळे सांगावयास नको. त्याप्रमाणे पत्नीस एकेचाळीस क्रमांक मिळाला आणि मला बेचाळीस.

या क्रमांकांत एक सुंदर गणित दडलेले आहे आणि ते समजल्यापासून मला प्रवासाचा अर्धा आनंद घरबसल्याच मिळू लागला. शयनयानाच्या जुन्या डब्यात बहात्तर बर्थ असत, नव्यात ऐंशी असतात; दोहोंसही आठाने भाग जातो, कारण एका खणात आठजणांची सोय. आपल्या क्रमांकास आठाने भागावे: बाकी एक किंवा चार उरल्यास खालचा बर्थ, दोन किंवा पाच उरल्यास मधला, तीन किंवा सहा उरल्यास सर्वांत वरचा, सात उरल्यास खिडकीलगतचा आडवा खालचा आणि बाकी शून्य आल्यास त्याच्या डोक्यावरचा. सबब पत्नी खाली, मी तिच्या वर अधांतरी. मधल्या बर्थाचा हा प्रकार मोठा विचित्र आहे. दिवसा तो अस्तित्वातच नसतो. खालच्या आसनाची पाठ होऊन भिंतीशी लटकत असतो. रात्री दहा वाजता तो साखळ्यांवर उभारावा आणि सकाळी सहाला उतरवावा असा नियम आहे, म्हणजे त्या धारकाचा हक्क केवळ आठ तासांचा. उलटपक्षी, खालच्या बर्थाच्या धारकास तो बर्थ आपला वाटत असला, तरी दिवसा त्यावर वरच्या दोघांनाही बसण्याचा अधिकार पोहोचतो. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर कब्जा एकाचा आणि दिवसाची वहिवाट तिघांची. आर.ए.सी. नामक जो प्रकार आहे तो तर उघड उघड सामाईक खाते: खिडकीलगतच्या एका बर्थावर दोन इसमांनी बसून प्रवास करावा, आणि कोणाचे आरक्षण रद्द झाल्यास किंवा कोणी आलेच नाही तर त्यांपैकी एकास पूर्ण बर्थ मिळावा. प्रतीक्षायादीतले लोक मात्र तक्ता तयार होईपर्यंत दाराशी तिष्ठत उभे. इतक्या काटेकोरपणे एखाद्या फळीचे तासागणिक हक्क वाटून देणारे शास्त्र आमच्या खात्यातही मी पाहिले नव्हते.

मग मी मार्गाचा तक्ता केला: डाव्या रकान्यात स्थानक, मध्ये वेळ, उजवीकडे शेरा. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसली की, नाशिक, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा हा सारा परिचित मुलूख भर दिवसा डोळ्यांपुढून जाणार, नागपूर संध्याकाळी येणार, आणि जो प्रदेश मी कधीच पाहिला नव्हता, तो छत्तीसगडचा प्रदेश, नेमका झोपेत निघून जाणार. या लोहमार्गाच्या इतिहासातही असेच दोन तुकडे आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रूळ १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि तेथेच थांबला. त्यामुळे १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे प्रथम जोडली गेली ती जबलपूर व अलाहाबाद यांच्या वळशाने. नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटर मापाचा एक रूळ पुढे पडला, तो १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला, रुंद झाला, बिलासपूरवरून पूर्वेकडे सरकला आणि खरगपूरमार्गे हावड्यास भिडला तो १९०० साली.

परंतु आगगाडीच्या पुष्कळ आधी या दिशेने आपली माणसे गेलेली आहेत. रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४१ साली बिलासपूरनजीकच्या रतनपुरावर चालून गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांची घोडी बंगालात उतरली. त्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खणावयास घेतलेला खंदक मराठ्यांच्याच नावाने ओळखला गेला. आणि सरकारी घोड्यावर बसणारा जो आपला बारगीर, तो 'बर्गी' होऊन बंगालच्या अंगाईगीतात शिरला, तो आजतागायत तेथेच आहे. ज्या मुलखाची झोप आपल्या पूर्वजांनी उडविली, त्या मुलखाकडे आपण झोपून जाणार, ही जाणीव शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्याजोगी नव्हती. तरी मी ती लिहिली.

सामानाच्या बाबतीत माझी यादी संक्षिप्त होती. शयनयानात अंथरूण-पांघरूण मिळत नाही, ते वातानुकूलित वर्गांसाठीच असते. म्हणून दोन चादरी, दोन घोंगड्या, हवेच्या उश्या. संक्रांत नुकतीच झालेली असल्यामुळे रायपूरच्या पुढे थंडी बोचणार हे गृहीत धरून कानटोपी. खालच्या बर्थाखाली लोखंडी कड्या असतात, त्यांत अडकविण्यास साखळी आणि कुलूप. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत डब्यातील चार्जिंगची सोय बंद ठेवतात, म्हणून दूरध्वनी आधीच भरून घेणे. आणि एक विजेरी. पत्नीच्या यादीशी मात्र माझे पटेना. दुधात भिजविलेल्या दशम्या, गुळपोळ्या, तिळाची चटणी, मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि मळमळीवर आमसुले, इथवर तक्रार नव्हती. परंतु दशम्यांची जी चळत तिने डब्यात रचली, तिने दोघांचे चार दिवस सहज निघाले असते. ओझ्याचा प्रश्न मी रीतसर उपस्थित केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, डब्यात आपण दोघंच असणार आहोत का?" या युक्तिवादास माझ्या दफ्तरी उत्तर नव्हते.

पहाटे परळहून निघून आम्ही वेळेआधीच फलाटावर रुजू झालो. आदल्या रात्री तयार झालेल्या तक्त्यात आमची नावे जेथल्या तेथे होती. कसाऱ्यास गाडीला जादा इंजिने जोडली गेली आणि सदतीस फुटांस एक फूट असा तो थळघाटाचा चढ, जो १८६५ साली वाहतुकीस खुला झाला, आम्ही कोवळ्या उन्हात चढून गेलो. इगतपुरीस चहा झाला. खानदेशात केळीच्या बागा आणि वऱ्हाडात काळ्या रानातला कापूस पाहता पाहता दिवस कलला. हा सारा भाग डोळ्यांचा होता, आणि डोळ्यांच्या प्रवासाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलेले आहे. मला सांगावयाचे आहे ते आमच्या खणातील आठ बर्थांविषयी.

समोरचा खालचा, चव्वेचाळिसावा, रायपूरच्या एका कापड व्यापाऱ्याचा होता. त्याच्या वरचा मधला एका मेदिनीपूरच्या वृद्धेचा आणि त्यावरचा तिच्या मुलाचा. परळच्या कर्करोग रुग्णालयात उपचार घेऊन ही मायलेकरे परत निघाली होती. पूर्वेकडून त्या रुग्णालयात येणाऱ्यांची या गाडीला नेहमीच वर्दळ असते, हे पुतण्याकडून मी ऐकले होते. आमच्या डोक्यावर झवेरी बाजारात सोन्याचे काम करणारा एक बंगाली कारागीर, आणि खिडकीलगतच्या सामाईक खात्यावर भिलाईकडे निघालेला एक तरुण व टाटानगरचे एक प्रौढ गृहस्थ. आठवा, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या बर्थाचा, मनुष्य चढताच जो वर जाऊन झोपला तो जेवणाखेरीज खाली आला नाही.

दुपारीच त्या आजींना बसवेना. मधला बर्थ दिवसा उभारावा तर खाली कोणास ताठ बसता येत नाही, आणि आजारी बाईने तेथे चढावे कसे? व्यापारी काही न बोलता उठला, आपली पथारी गुंडाळली आणि आमच्या बाजूस येऊन बसला; आजी त्याच्या बर्थावर आडव्या झाल्या. पत्नीने दशम्यांचा डबा उघडला. कारागिराने वरून खाली उतरून मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, पुडा सोडला, नागपुरास व्यापाऱ्याने संत्री घेतली आणि मोडक्या हिंदीत सारा खण बोलू लागला. आम्ही मराठी हे कळताच आजींनी मुलाच्या कानात काही सांगितले आणि तो संकोचून हसला. "काकीमा, आई म्हणते, लहानपणी बर्गी येणार म्हणून आम्हाला झोपवत असत." पत्नीने गुळपोळीचा चतकोर आजींच्या हाती दिला आणि माझ्याकडे पाहिले. मी भास्कररामांची हकीकत सांगावयास तोंड उघडले होते ते मिटले.

डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे दिवे मागे पडले तेव्हा दहा वाजून गेले होते. आता नियमाप्रमाणे मी माझा मधला बर्थ उभारू शकत होतो, आणि तो उभारला असता तर खाली पत्नी निजली असती आणि व्यापाऱ्यास बसावयास जागाच उरली नसती. त्याचा स्वतःचा, पैसे मोजून घेतलेला बर्थ समोर होता. त्यावर त्याला आजींस उठवून निजता आले असते. आजींच्या मुलास आपल्या आईचा मधला बर्थ उभारून व्यापाऱ्यास देऊ करता आला असता. त्याने तसे विचारलेही, परंतु रायपुरास उतरावयाचे असताना वर चढून झोप लागली तर पंचाईत, म्हणून व्यापाऱ्याने नकार दिला. अशा रीतीने, ज्यांच्या हक्कांबद्दल कोठेही वाद नव्हता अशी चारपाच माणसे ते हक्क आपापल्या खिशात ठेवून, घोंगड्या लपेटून, मध्यरात्रीपर्यंत ताठ बसून राहिली. मधूनमधून कोणीतरी विजेरीच्या उजेडात घड्याळ पाही. दुर्गला भिलाईचा तरुण उतरला. त्याने जाताना आपल्याजवळची उशी कारागिराकडे फेकली, ती कारागिराची होती असे त्यावरून कळले.

रायपूर आले. व्यापारी आजींच्या पायांस हात लावून उतरला. तेवढ्यात तिकीट तपासनीस आपले हाती धरण्याचे यंत्र घेऊन आले. चव्वेचाळीस आता रिकामा. टाटानगरच्या गृहस्थांस तो मिळावयाचा. मी सर्व हकीकत निवेदन केली, गृहस्थांनी आपण मधल्यावर निजू असे स्वतःच सांगितले, आणि तपासनिसांनी मान हलवून यंत्रावर बोट ठेवले: आजी चव्वेचाळिसावर कायम, गृहस्थ पंचेचाळिसावर. ज्या फेरफारास आमच्याकडे नोटीस, हरकतीची मुदत आणि मंडल अधिकाऱ्याची प्रमाणनोंद लागते, तो मध्यरात्री एका मिनिटात संमतीने मंजूर झालेला मी उभ्या उभ्या पाहिला. त्यानंतर मी माझा बर्थ साखळ्यांवर चढविला आणि चांगला निजलो. दंडवत्यांची गादी पुरेशी आहे, हे कोणास शंका असल्यास नमूद करतो. थंडी मात्र खिडकीच्या फटीतून येते आणि कानटोपी लागतेच.

राउरकेला उजाडता उजाडता आले. पुढे सारंड्याचे सालवन, बोगदा, चक्रधरपूर, टाटानगर; खरगपूरच्या त्या एक किलोमीटरहून लांब फलाटावर, जो एके काळी जगात सर्वांत लांब समजला जाई, मायलेकरे उतरली. मुलाने त्यांच्या गावी येण्याचे निमंत्रण दिले, आणि आजींनी पत्नीच्या गालावरून हात फिरविला. दुपारी हावडा. रवींद्रांच्या काव्याचे नाव धारण करणारी गाडी आम्हास १९४३ साली खुल्या झालेल्या आणि १९६५ पासून रवींद्रांचेच नाव वागविणाऱ्या सेतूपाशी सोडून गेली. आम्ही मात्र स्थानकासमोरच्या घाटावरून होडीने हुगळी ओलांडली, कारण सेतू पाहावयाचा असेल तर तो खालून पाहावा असे कारागिराने बजावले होते.

रात्रीच्या गाडीचा पहिला प्रवास आखणारे पुष्कळजण आता मला सल्ला विचारतात, आणि वेळापत्रकाचा तक्ता, आठाचा भागाकार, साखळी, कुलूप, विजेरी, हे सर्व मी त्यांस सांगतो. सरकारने पाठीखाली दोन इंच दिले, क्रमांक दिला, वेळ बांधून दिली. एवढ्या तरतुदीवाचून आठ अनोळखी माणसे एका खणात भांडल्याशिवाय निजू शकली नसती, म्हणून ती तरतूद मी क्षुल्लक मानीत नाही. हक्क ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो सोडता येतो, आणि नोंद स्पष्ट असली म्हणजे सोडणाऱ्याच्या मनात धाकधूक राहत नाही. तीस वर्षे दफ्तरात बसून जे वादी-प्रतिवादी मी पाहिले, त्यांच्यात ही गोष्ट क्वचितच आढळली. तेव्हा तिकीट साठाव्या दिवशी काढावे, आपला बर्थ कोणता हे नीट समजून घ्यावे, कानटोपी विसरू नये. आणि दशम्या किती घ्याव्यात हे मात्र घरातल्या बाईस ठरवू द्यावे.